एका दमात

डिसेंबर १९९८च्या पहिल्या सोमवारी सोपान धायगुडे तीन वर्षांनी साखर कारखान्याच्या ऊसतळावर, उसाच्या गाड्या नोंदवून टोकन देण्याच्या खिडकीत पुन्हा बसला. मेंदूज्वरात कान गेले तेव्हा कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये टाकले होते. तिथे लोक बोटांनी माल मागत. त्याच्याशी बोलणे सगळ्यांनीच सोडले. आता मुंबईत ऑपरेशन झाले होते: कानामागे यंत्र, कमरेला डबी. खिडकी त्याला हवी होती ती माणसे तिथे बोलतात म्हणून. सुपरवायझर तात्याबांनी पारखायला एक दिवस दिला होता. नाही जमले तर पुन्हा स्टोअर.

पहिला ट्रॅक्टर गेणबाचा. तळावरच्या रीतीप्रमाणे त्याने सगळे एका दमात सांगितले, "लोणी देवकर, गट दोनशे चौदा, गाडी एकोणसाठ."

सोपानला प्रत्येक शब्द ऐकू आला. पण गावाचे नाव उमगून कागदावर उतरेपर्यंत गट निसटला. गट आठवू लागला तर गाडीही गेली.

"परत सांग."

"ऐकू येतंय न्हवं?" गेणबा ओरडला. "का डबीतला सेल उतरला?"

"येतंय. वरडू नगो, शब्द फाटत्यात. एक सांग, मी लिवतो, मग दुसरं."

"आन् मागच्या तीस जणांनी हितंच चूल मांडायची व्हय?"

रांग हसली. त्या हसण्यात दुसऱ्यांदा सांगितलेला गटही बुडाला.

नऊ वाजता रांग फाटकाबाहेर गेली. तात्याबा येऊन उभे राहिले, घड्याळ पाहिले.

दुपारी गेणबा दुसरी खेप घेऊन आला. सोपानचा घामेजलेला चेहरा पाहून तो तोंड उघडता उघडता थांबला. त्याने हात खिडकीत घालून बोटे दाखवली. दोन, एक, चार. मग पाच, नऊ. सोपानने क्षणात लिहिले. गाव तर त्याला माहीतच होते. मागच्यानेही बोटेच दाखवली, त्याच्या मागच्यानेही. चार वाजेपर्यंत रांग फाटकाच्या आत आली.

तात्याबांनी खुर्चीकडे बोट केले, मग मान डोलावली. उद्यापासून इथेच.

शेवटचा ट्रॅक्टर लागला. पोरसवदा ड्रायव्हरने बोटे दाखवली, सोपानने टोकन तयार केले, पण हातातच धरून ठेवले.

"गाव कंचं?" त्याने विचारले. गाव त्याला सकाळच्या खेपेपासून ठाऊक होते.

ड्रायव्हर समजूतदारपणे हसला आणि त्याने भिगवणच्या दिशेने हात केला.