पासपोर्टवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. जुना वयानं, प्रवासाचं विचाराल तर अजून तान्हाच. माझ्या छत्तीस पानांपैकी एकावरही कुठल्या देशाचा शिक्का नाही.

मी निघालो मैनाबाईंच्या नावानं. महागावजवळच्या खेड्यात त्यांची कपाशी-तुरीची शेती. आईला एकदा तरी विमानानं परदेशी नेऊन समुद्र दाखवायचा, हा पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीचा, वैष्णवीचा हट्ट. ऐन मे महिन्यात नागपूरच्या कार्यालयात फोटोसाठी बसण्याआधी मैनाबाईंनी पदरानं घाम पुसला आणि घामासोबत कुंकूही गेलं. मी घरी आलो, त्यांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. "नवरा जिता असून कपाळ मोकळं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे करोना आला, सहल रद्द झाली आणि बापूजींनी मला लोखंडी कपाटाच्या तिजोरीत घातलं. मैनाबाईंचे यजमान बापूजी हा माणूसच तसा. वस्तू वापरली की झिजते आणि कुलपात ठेवली की टिकते, हा त्यांचा पक्का हिशेब. जावयानं दिलेला मिक्सर त्यांच्या घरी चार वर्षं खोक्यातच नांदतो आहे. पाहुण्यांपुढे मात्र माझं कौतुक फार. "आमच्या घरी पासपोर्ट हाय," असं ते सांगत. दाखवत कधीच नसत. तिजोरीची चावी त्यांच्या करदोड्याला.

आत अंधार, सातबाऱ्यांची चळत आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, माझी सुटका होई. बँकेच्या पुस्तकाशेजारी पाटावर बसायचं, प्लास्टिकच्या कव्हरावर हळदकुंकू घ्यायचं आणि परत आत. कपाट ते देवघर अकरा पावलं. माझा सगळा प्रवास तेवढाच.

यंदा वैष्णवीनं डिसेंबरची व्हिएतनामची तिकिटं काढली. मैनाबाई हरखून गेल्या. लक्ष्मीपूजनाला त्यांनी मला कव्हरातून बाहेर काढलं, पहिलं पान उघडलं आणि अनामिकेनं फोटोतल्या कपाळावर ओल्या कुंकवाचा गोल टिळा लावला. खोटं कशाला बोलू, मलाही तो शोभत होता.

तो कोरड्या फडक्यानंही निघाला असता. पण बापूजींनी पाहिलं. "सरकारी कागदावर काहून?" म्हणत त्यांनी कंदिलाच्या तळाशी उरलेल्या रॉकेलात चिंधी बुडवली आणि मला घासलं. कुंकू पसरलं. त्यांनी आणखी जोर लावला, मग नखानं खरवडलं. पानावरच्या पातळ पापुद्र्याचा कोपरा सुटला, रॉकेल आत शिरलं आणि मैनाबाईंची जन्मतारीख लाल डागात बुडाली.

बापूजींनी मला गुपचूप मिटलं आणि कुलूप लावलं.

वैष्णवी रोज फोनवर मागे लागली, व्हिसासाठी पहिल्या पानाचा फोटो पाठवा. बापूजी रोज तेच सांगत, "चावीच सापडून नाही राह्यली." करदोड्याला लटकलेली चावी हे ऐकत असे आणि आत मी. पंधरा दिवस असेच गेले. सहल जवळ येत होती आणि मी ओरडूही शकत नव्हतो.

सोळाव्या दिवशी मैनाबाईंनी नवऱ्यापुढे हात पसरला. "चावी द्या. मले समुद्र पाहाचा हाय." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मागितलेली ही पहिली चावी. बापूजींना ती सोडून देताना गाठच सुटेना. शेवटी मैनाबाईंनीच सोडली.

तिजोरी उघडून त्यांनी तो लाल डाग पाहिला आणि त्याच दुपारी दोघं मला घेऊन महागावला शहजादकडे गेले. गावचे पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज तोच भरतो. त्यानं पान उजेडात धरलं. हा आता चालायचा नाही, नवीन काढावा लागेल, आजच अर्ज केला तर कदाचित वेळेत येईल, असं त्यानं समजावलं. मात्र खराब कसा झाला, ते खरंखरं लिहावं लागेल.

"लिही, उंदरानं कुरतडला," बापूजी म्हणाले.

शहजादनं मला नाकाशी धरलं. "बापूजी, तुमच्या घरचे उंदीर रॉकेल पेतात काय?"

"टिळा म्या लावला, तेवढं लिही बाबू," मैनाबाई म्हणाल्या. "बाकीचं ज्याचं त्यानं सांगावं."

बापूजींचा हात सवयीनं करदोड्याकडे गेला. मग हळूच म्हणाले, "लिही. उंदीर मीच हाव."

नवा पासपोर्ट सहलीला निघायच्या चार दिवस आधी हाती पडला आणि घाईचा व्हिसा आदल्या दिवशी. मीही परत आलो, कोपरा कापून. आयुष्यातला पहिला शिक्का मिळाला, तोही 'रद्द'चा.

कापूस वेचणी चालू होती म्हणून बापूजी मागे राहिले. मायलेकी जाऊन आल्या. परतल्यावर मैनाबाईंनी तिजोरी उघडली आणि नव्याला माझ्या अंगावर ठेवलं. त्याच्यातल्या फोटोत कपाळभर ठसठशीत कुंकू होतं.

मित्रांनो, कागदपत्रं जरूर सांभाळा. त्यांना ओला हात लावू नका, रॉकेल तर मुळीच नको. पण सांभाळणं वेगळं आणि कोंडणं वेगळं. ज्याचा जन्म वेशीबाहेर जाण्यासाठी, त्याला वेळेवर जाऊ द्या.

चावी आता मैनाबाईंच्या कमरेला असते. कुलूप मात्र तेच आहे. परवा नवा पासपोर्ट जरा कलंडला आणि त्याच्या पानांतून वाळूचे चार कण माझ्यावर सांडले. मी ते अजून झटकलेले नाहीत.