दुसरी लाल रेघ

मी एक पोलादी कडं बोलतोय. हातात घालायचं नव्हे, बेअरिंगमध्ये बसायचं. फुलक्याएवढा घेर, बोटभर जाडी. माझ्या अंगावर एक लाल रेघ आहे, ती मला जन्माच्या दिवशीच लागली. चिंचवडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं, घासून चकचकीत केलं आणि शेवटी मापून पाहिलं, तर माझं भोक केसभर मोठं निघालं. तुम्हाला ते डोळ्यांनी दिसणारही नाही. पण कारखान्यात केसभराचीही गय नसते. रंगाचा ब्रश फिरला आणि मी रिजेक्टच्या पेटीत जाऊन पडलो.

तिथेच मला समाधान भेटला. परभणीकडून आलेला, बाविशीतला, चेकिंगला लागलेला. त्याचं काम मोठं मजेशीर होतं. कडं दोरीला टांगायचं, छोट्या हातोडीने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. अंगात तडा असेल तर कडं 'थद' करून गप्प होतं, धड असेल तर घुमत राहतं. दिवसभर तो अशी शेकडो कडी ऐकायचा. मागे प्रेसचे दणके, शेजारी ग्राइंडरचं किंचाळणं, तरी त्याचा कान कधी चुकायचा नाही. "अरे, कानात कापूस घाल," म्हणून सुपरवायझर दौलतराव ओरडायचे. "कापूस घातल्यावर ऐकू काय, साहेब?" म्हणत हा हसायचा. तेव्हा त्या हसण्याचं मलाही कौतुक वाटलं होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मला पेटीतून उचललं, टांगलं आणि उगाच ठोकून पाहिलं. मी घुमलो. घुमतच राहिलो. त्याने हातातली भाकरी तशीच धरून ठेवली.

"मारुतराव, हिकडं या की! हे कसं घुमायलंय बघा."

मारुतराव म्हणजे मोशीचे, कामाने फिटर आणि जिवाने नाटकवाले. कंपनीचं नाटक मंडळ त्यांच्याच जोरावर चालायचं. त्यांनी डोळे मिटून मला शेवटपर्यंत ऐकलं. "माप चुकलंय गड्या, सूर न्हाई चुकला," ते म्हणाले.

गेटपासवर दौलतरावांनी लिहिलं, 'भंगार, एक नग'. मला आजवर मिळालेला कागद तेवढाच. त्या कागदावर मी कारखान्याच्या बाहेर पडलो आणि थेट नाटकाच्या तालमीत पोचलो.

कामगारांच्या नाट्यस्पर्धेचे ते दिवस होते. नाटकात एक बाई कारखान्याची पाळी सुटल्यावर नवऱ्याची वाट बघते आणि तो येत नाही, एवढीच गोष्ट. संगीत समाधानकडे होतं. त्याने बाजाची पेटी घेतली नाही, तबला घेतला नाही. पाळी सुटली की विंगेत टांगलेल्या मला तो एकदाच वाजवायचा. त्याने सगळ्यांना एक नियम घालून दिला होता: मी पुरता विरेपर्यंत रंगमंचावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. तो एक बोट वर धरून उभा राहायचा. माझा शेवटचा बारीक सूर संपला की बोट खाली यायचं आणि मग ती बाई बोलायची.

त्या बाईचं काम पॅकिंगमधली विजयश्री करायची. प्रयोगाला सातशे माणसं होती. मी वाजलो आणि सातशे माणसं माझ्यासाठी गप्प बसली. भंगारातल्या एका नगाला याहून जास्त काय हवं? संगीताचं पहिलं बक्षीस समाधानला मिळालं, आणि त्याच्या बोटाकडे बघता बघता विजयश्रीने माणूसही पसंत करून टाकला. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

मग समाधानचं नाव होत गेलं. आधी व्यावसायिक नाटकं आली, मग मालिका, मग दोन-चार सिनेमे. चौदा वर्षं चेकिंग केल्यावर त्याने नोकरी सोडली. रहाटणीत फ्लॅट घेतला आणि आतल्या खोलीला फोम लावून स्टुडिओ केला. तिथे एका दुपारी त्याने मला हळू, जोरात, काठावर, कुशीवर असं चाळीस वेळा वाजवलं. मी अगदी हरखून गेलो होतो. संध्याकाळी कळलं, की त्याने माझा आवाज कंप्युटरात भरून घेतला. आता एक बटण दाबलं की मी वाजणार होतो, आणि मला हात लावायची गरज उरली नव्हती.

मालिकेत सासूने दार उघडलं की मी. सुनेने वळून पाहिलं की मी, तेही तीन-तीनदा. आणि दर वेळी अर्ध्यावर कापलेला, कारण पुढे जाहिरात असायची. रोज आठ वाजता आजूबाजूच्या घरांतून लोक जेवता जेवता माझा तुटका आवाज ऐकायचे, आणि मी खिळ्याला गप्प लटकलेला असायचो. खोटं कशाला बोलू, मला फार एकटं वाटायचं. एकदाच, पण पुरतं वाजावं, एवढीच इच्छा होती.

आठेक वर्षांपूर्वी ती पुरी व्हायची वेळ आली. एका नव्या नाटकासाठी समाधानने मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, टांगलं आणि ती जुनी हातोडी घेतली. मी जीव ओतून वाजलो. दोन-तीन क्षणांतच त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने पुन्हा ठोकलं, कान जवळ आणला, पुन्हा ठोकलं.

"विजू, ह्याला तडा गेलाय," तो आत ओरडून म्हणाला. "पटकन गप्प व्हायलंय."

मी तर अजून घुमत होतो! पण तो जुना चेकिंगवाला. त्याने लाल मार्कर आणला आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढली. मग मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

पहिल्या रेघेचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती खरी होती. दुसरी मात्र माझ्या जिवाला लागली. माळ्यावरून खालच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. टीव्हीचा आवाज वर्षागणिक वाढत होता. "हल्ली नट तोंडातल्या तोंडात बोलतात," असं समाधान करवादायचा. मला हळूहळू उमगत होतं. पण कुणी ठोकल्याशिवाय मी काय बोलणार?

यंदा दिवाळीनंतर मारुतराव आले. रिटायर झालेत, गुडघे दुखतात, पण नाटकाची खाज गेलेली नाही. त्यांना तेच नाटक पुन्हा बसवायचं होतं. त्या बाईचं काम विजयश्रीनेच करायचं, असा त्यांचा हट्ट.

"आन ते कडं कुटंय?"

"त्याला तडा गेलाय, मारुतराव. फाइल देतो की, तीच वाजवू."

"फाइल नगं. तडा तर तडा. खाली काढ."

रविवारी मोशीला, मारुतरावांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम झाली. समाधानने मला टांगलं, ठोकलं आणि बोट वर धरलं. दोन-तीन क्षणांत त्याचं बोट खाली आलं. विजयश्री बोललीच नाही.

"विजू, बोल की. संपलं ना."

ती तशीच उभी होती. मारुतरावही हलले नाहीत. नियम नियम होता आणि मी घुमत होतो. समाधानने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाजायलंय का अजून?" त्याने हळूच विचारलं.

विजयश्रीने मान डोलावली.

"आणि आता?"

तिने पुन्हा मान डोलावली. तिचे डोळे भरले होते. मग मी विरलो.

"आता संपलं," मारुतराव म्हणाले. "कडं धड हाय, समाधान."

समाधान खुर्चीवर बसला. त्याने मला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "दुसरी रेघ चुकीच्या मालावर ओढली मी."

त्याच आठवड्यात तो डॉक्टरांकडे जाऊन आला. कानामागे एक छोटं यंत्र आलं. त्याने बोलणं नीट ऐकू येतं, पण वरचे बारीक सूर गेले ते गेले, ते परत यायचे नाहीत. आयुष्यभर मोठ्या आवाजात बसल्याचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. समाधानने मारुतरावांना सांगून टाकलं, की विंगेत दुसऱ्या कुणाला तरी उभं करा.

ते ऐकून विजयश्री म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमच्या बोटाकडं बघून बोलले. आता तुम्ही माझ्या तोंडाकडं बघा."

तो थिनरची बाटली आणि फडकं घेऊन आला आणि ती दुसरी रेघ घासून घासून पुसून टाकली. पहिली तशीच ठेवली.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता चिंचवडला आमचा प्रयोग आहे. मी आता हातोडीसोबत पिशवीत बसलोय. एवढ्या वर्षांनी लोकांसमोर पुरता वाजणार, म्हणून अंगभर हुरहुर आहे. पण ज्याने मला पेटीतून उचललं, त्याच्यापर्यंत माझा शेवटचा सूर आता पोचणार नाही, हे दुःखही पिशवीत माझ्याजवळच आहे.

तुम्ही आलात, तर एक विनंती. मी वाजलो की लगेच टाळी वाजवू नका. खोकला जरा आवरा, फोन बंद ठेवा, शेजारच्याशी कुजबुजू नका. विंगेत पिकल्या केसांचा एक माणूस बोट वर धरून उभा असेल. तो विजयश्रीकडे बघेल आणि तुमच्याकडे बघेल. तुम्ही जोवर गप्प आहात, तोवर मी वाजतोय, हे त्याला कळेल.