उजवीकडून डावीकडे

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची खोळ आहे. तलवारीला जसं म्यान, तशी पिस्तुलाला मी. लोक मला होल्स्टर म्हणतात. कोटाखाली कमरेला दडून राहायचं, हेच माझं काम. नऊ वर्षांत मी कुणाच्या नजरेस पडले नाही. न दिसण्याचा एवढा तोरा तुम्ही कुठे पाहिला नसेल!

शारजाच्या अल मजाज भागात कमरुद्दीन कारागिरानं मला उंटाच्या कातड्यातून शिवलं. माझे धनी दत्ताराम, रत्नागिरीकडचे माजी फौजी. खोर फक्कानच्या एका वृद्ध अरब व्यापाऱ्याचे ते परवानाधारक अंगरक्षक. त्या व्यापाऱ्याला सगळे अरबाब म्हणतात, म्हणजे मालक. इतक्या वर्षांत पिस्तूल एकदाही उपसावं लागलं नाही. राखण चोख असली की असंच होतं.

यंदा दत्तारामांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने पिस्तूल नको. पण जागेवर दुसरा कुणी आला तर? या धास्तीनं त्यांनी ‘गावी जातो’ असं सांगून रजा काढली आणि सहाव्याच आठवड्यात कमरुद्दीनचं दुकान गाठलं.

"हिला डावीकडे फिरवून दे."

"दत्ताभाऊ, पण डावा हात तयार हाय का?"

"होईल रे. यल्ला, चल, शिव!"

माझे पट्टे उसवून उलटे शिवले गेले. डावी कंबर मला मुळीच मानवली नाही, पण मला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी अरबाबांच्या बैठकीत कहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरला. तिथली रीत अशी की कप उजव्या हातानं घ्यायचा आणि पुरे झालं की मनगटानं हलवून परत द्यायचा. नाही हलवला, तर वाढणारा ओततच राहतो. दत्तारामांचं मनगट काही केल्या हलेना. डावा हात माझ्यासाठी मोकळा ठेवलेला. दुसरा कप झाला, तिसरा झाला, सहावाही झाला! बिचाऱ्यांचा कोट घामानं भिजला.

"दत्ताराम, इतना कहवा?" अरबाब हसले.

थाप मारून वेळ मारून नेता आली असती. नोकरीच पणाला लागली होती. दत्ताराम ताठ उभे राहिले.

"अरबाब, मैं गाव नहीं गया था. हाथ का ऑपरेशन हुआ. बाएँ हाथ से निशाना नहीं लगता. आज मुझे ड्युटी पर नहीं आना था."

मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"जो सच बोलता है, उसी के भरोसे मैं सोता हूँ," अरबाब शांतपणे म्हणाले. "हाथ ठीक करो. जगह तुम्हारी. खलास."

त्याच पावली दत्तारामांनी पिस्तूल रिकामं करून अरबाबांच्या तिजोरीत ठेवलं. मी रिकामीच घरी आले.

मित्रांनो, आपलं दुखणं लपवून दुसऱ्याची राखण होत नाही. दुखत असेल तर वेळेवर सांगा, आणि बरं व्हायला लागतो तेवढा वेळ शरीराला द्या.

काल डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "झालं बरं, जा कामावर." दत्ताराम म्हणाले, "अजून पंधरा दिवस द्या, माझी खात्री होऊ दे."

असा माझा धनी आहे!