कॅशे साफ केल्यावरही

आठवडाभर माझ्या धाकट्या भावानं माझं डोकं खाल्लं होतं. म्हणे गेममध्ये डाग दिसतोय. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते, म्हणजे घरात फुकटची मेकॅनिक. दमून आलं तरी ह्याच्या खुर्चीत बसायचं.

"ताई, शेडर कॅशे उडव ना परत," तो म्हणाला.

गेमचं चित्र झटपट उमटावं म्हणून कॉम्प्युटर जी तयारी आधीच करून ठेवतो, ती ही कॅशे. ती बिघडली की चित्र अडखळतं, नको तिथे डाग येतात. उडवली की कॉम्प्युटर ती नव्यानं तयार करतो. माझी ती उडवून झाली होती, कार्ड चालवणारं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर बदलून झालं होतं, दुकानातलं चांगलं ग्राफिक्स कार्डसुद्धा लावून बघितलं होतं. तरी ह्याचं तुणतुणं चालूच.

परत उडवली. गेम उघडायला वेळ लागला, मग रस्ता, पूल, लाल गाडी, सगळं लख्ख आलं.

"आहे का आता?"

"आहे. करडा. बरोबर मधे."

"मला तर काही दिसत नाही. नवा कॉम्प्युटर उपटायचाय ना? सरळ सांग की."

तो हसला नाही. एरवी असल्या टोमण्याची दामदुप्पट परतफेड करतो. उद्या त्याची बस चालवायची शेवटची चाचणी होती, वर्षभर राबला होता तिच्यासाठी.

आतल्या खोलीत बाबांनी रेडिओ बंद केला. बाबाही बसच चालवायचे, डोळे जाईपर्यंत. भिंत चाचपत ते दारात आले.

"डाग एका जागी थांबतो," त्यांनी विचारलं, "की तू बघशील तिकडे येतो?"

बाबा, तुम्हाला यातलं काय कळतंय, असं मी म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि थांबले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आई कितीतरी दिवस त्यांचा चष्मा पुसून देत होती.

मी हात लांबवून स्क्रीन बंद केली.

"आता?"

तो माझ्याकडे वळला. मी नीट दिसावी म्हणून त्यानं नजर जरा बाजूला, माझ्या कानाकडे नेली.

"आता तुझ्या तोंडावर आहे," तो म्हणाला. "उद्या चाचणी आहे, ताई. आणखी एकदा उडवून बघ ना."

मला रडू येत होतं. मी स्क्रीन चालू केली आणि कॅशे परत उडवली.