घरात राहणाऱ्यांची नावे

चिलीच्या दिवशी आपली पोरगी जेवली नाही, हे ऐकून लेटाच्या काळजात धस्स झालं.

नेब्रास्कातल्या त्या गावात शाळेच्या जेवणाला एरवी कुणी चांगलं म्हणत नसे. पण गुरुवारी खिमा-राजम्याची तिखट चिली आणि तिच्या जोडीला दालचिनीचा गोड रोल असला, की मास्तरसुद्धा पोरांच्या आधी रांगेत घुसायचे. तिखटाबरोबर गोड कसलं खाता, असं कुणा परगावच्या माणसानं विचारलं तर गाव त्याच्याकडेच कीव आल्यासारखं बघायचं. आणि लेटाची टेस तर रोलसाठी जीव टाकणारी! वरची साखर आधी चाटून खाणार, मग आतला मऊ भाग, आणि कडा शेवटी.

सांगितलं ते मर्नानं. मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला उभी असते. किराण्याच्या दुकानात तिनं लेटाला गाठलं, तेही भर रांगेत.

"अगं लेटा, टेसला बरं नाही का?"

"का गं? चांगली ठणठणीत आहे की."

"मग आज फिरकली कशी नाही? रोल होता ना! मागच्या आठवड्यातही दिसली नाही. मुलं सांगतात, जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत जाऊन बसते. मी म्हटलं, डबा आणत असेल."

"डबाच आणते," लेटा म्हणाली. "फार नखरे झालेत बाईसाहेबांचे. शाळेचं नको म्हणते."

आणि ती हसली. ते हसू तिनं अलीकडे चांगलं कमावलं होतं. मर्नाही हसली, मागे उभा असलेला म्हाताराही हसला, आणि लेटा दूध-पाव घेऊन बाहेर आली ती कानशिलं तापलेल्या अवस्थेत. डबा कसला न् काय! शाळा सुरू झाली तेव्हा चार दिवस तिनं पावाला शेंगदाण्याचं लोणी लावून दिलं होतं. मग एक दिवस टेस म्हणाली, "नको देऊस, मी शाळेतच जेवते." आणि लेटानं मान डोलावली. शाळेतलं जेवणाचं खातं कोण भरतंय, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

घरी आल्यावर तिनं पोरीला समोर बसवलं.

"दुपारी काय खातेस गं?"

"मला भूकच लागत नाही दुपारी."

"टेस."

टेस नखं कुरतडत बसली. दहा वर्षांची पोर, पण उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचा चेहरा वाचायची सवय लागलेली. "खात्यात पैसे नसले ना, की ताटली परत घेतात," ती म्हणाली. "आणि गार चीज सँडविच देतात. कागदात गुंडाळलेलं. मग सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा लायब्ररी बरी."

तक्रारीचा सूर नव्हता, रडणं नव्हतं. बाहेर थंडी आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. लेटाला वाटलं, हिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

यावर उपाय नव्हता असं नाही. उपाय स्वयंपाकघराच्या खणातच पडून होता. फुकट किंवा कमी दरात जेवण मिळण्याचा फॉर्म शाळा दरवर्षी घरोघर पाठवते. अर्ध्या गावाची पोरं त्यावर जेवतात आणि कुणाची मान खाली गेलेली नाही. वृद्धाश्रमात चादरी धुऊन लेटाला जे मिळायचं, त्यात दोघींचं पोट म्हणजे ओढाताणच. फॉर्मच्या अटींत ती डोळे झाकून बसली असती. मग अडलं कुठं?

अडलं ते पहिल्याच रकान्यात. घरात राहणाऱ्या सर्वांची नावे लिहा, आणि प्रत्येकाची कमाई.

ड्वेन फेब्रुवारीत गेला. मोठा ट्रक चालवायचा, महिना महिना बाहेर असायचा, त्यामुळं तो गेलाय हे गावाला दिसलंच नाही. तुल्सा शहरात कुण्या बाईकडे राहतोय, एवढं एकदा फोनवर बोलला, आणि त्यानंतर ना फोन ना पै. आणि लेटानं काय केलं? काही नाही. कुणी विचारलं, "ड्वेन कुठं असतो सध्या?" तर ती म्हणायची, "ओरेगनच्या घाटात अडकलाय बिचारा, बर्फ आहे म्हणे." एकदा म्हणाली आणि मग म्हणतच गेली. नकाशा बघून गावं पाठ केली. शनिवारी त्याचे जुने शर्ट धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायची, शेजारणीला दिसतील असे. घालायचे कुणाला? कुणाला नाही. धुवायचे आणि घडी करून ठेवायचे, की पुढच्या शनिवारी परत पाण्यात. टेसच्या वाढदिवसाला बाबांकडून म्हणून भेटीचं खोकं आलं, तेही लेटानंच बांधलेलं. पोरीला तिनं एकदाच बजावलं होतं, "हे घरातलं घरातच. कुणाला सांगायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी म्हणेल. तर त्याचं कारण लेटाची स्वतःची जीभ. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणावळीत, गावातल्या जोनीचा नवरा तिला टाकून गेला त्याची चर्चा चालली होती, तेव्हा बटाट्याच्या भांड्यावर डाव आपटत लेटाच म्हणाली होती, "चांगल्या बाईचा नवरा असा उगाच जातो होय?" जोनी दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिनं ऐकलं. त्यानंतर जोनी चर्चला आली नाही. आता तेच वाक्य आपल्यावर फिरणार, आणि फिरवणाऱ्यांचे चेहरेही लेटाला माहीत होते. त्यातला पहिला चेहरा शाळेच्या ऑफिसात बसलेला होता. कॉलीन व्होंड्रा. चर्चच्या गायनमंडळाची पुढारी, आणि गावातले सगळे फॉर्म तिच्याच हातात.

रात्री टेस झोपल्यावर लेटानं फॉर्म काढला. ड्वेनचं नाव गाळलं तर कॉलीन विचारणार, अगं नवऱ्याचं नाव विसरलीस की काय! लिहिलं तर त्याची कमाई लिहावी लागणार, आणि ट्रकवाल्याची कमाई गावाला ठाऊक. बराच वेळ पेन चावून शेवटी तिनं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, सध्या काम बंद. लिहून झाल्यावर तिला स्वतःची किळस आली. सरकारी कागदावर सही करून खोटं बोलणं काय असतं, हे तिनं पहिल्यांदाच अनुभवलं. पण उद्या पोरगी जेवेल, एवढं एकच तिनं मनाशी धरलं.

शाळा सुटायच्या वेळेला ती ऑफिसात पोचली. मुद्दाम ती वेळ निवडली होती, घंटेच्या गडबडीत कॉलीन कागद नीट वाचणार नाही म्हणून. पण कॉलीन ती कॉलीन. चष्मा नाकावर घेतला, आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लागली.

"काय गं बाई, तू आणि हा फॉर्म?"

"थोडी अडचण आहे सध्या."

"ड्वेनचं काम बंद?" कॉलीननं मान वर केली. "अगं, परवाच्या रविवारी तूच सांगितलंस ना, कॅलिफोर्नियाची लाइन मिळाली म्हणून? फळांची वाहतूक, पैसा बरा आहे म्हणून?"

लेटाला ते आठवलं. सांगितलं होतं खरं. कॉफीच्या टेबलापाशी, चांगलं रंगवून, संत्र्यांच्या पेट्यांसकट.

"ते... ते अजून पक्कं नाही."

"मग गडी करतो तरी काय?" कॉलीन खो खो हसली. "एवढे दिवस घर सोडून हिंडतो, बायकोकडे दमडी नाही! बघ गं, तिकडे दुसरा संसार थाटलाय की काय बाबानं!"

थट्टाच होती. कॉलीनच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, ती सगळ्यांच्याच नवऱ्यांची अशी टर उडवायची. लेटाही हसली. हसताना तिला वाटलं, आत्ता ही फरशी दुभंगावी आणि आपण खाली जावं. पण फरशी जागच्या जागी राहिली आणि ती हसत राहिली.

"नाही म्हणजे, मी काही तुला चोर म्हणत नाही," कॉलीन आवाज जरा खाली आणून म्हणाली. "पण यावर माझी सही असते गं. कुणी वर कळवलं, ट्रकवाल्याची पोर फुकट जेवते म्हणून, तर उत्तर मला द्यावं लागतं. त्याची पगाराची चिठ्ठी आणशील का? काम नाही तर तसं लिहून आण कंपनीचं."

आता आली का पंचाईत! लेटा तोंड उघडणार तेवढ्यात दार ढकलून टेस आत आली. पाठीवर दप्तर, टोपी हातात. आईला पाहिलं, टेबलावरचा कागद पाहिला, आणि क्षणभर जागीच थबकली.

"ही बघ आली आमची राणी," कॉलीन म्हणाली. "काय गं, बाबा कधी येतायत?"

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला," टेस म्हणाली.

ती आईकडे बघत नव्हती. "काल रात्रीच फोन आला होता. टेक्सासमधून मला बूट आणणार आहेत, लाल. माझ्या पायाचं माप विचारत होते. आईनं पेन्सिलीनं कागदावर पाय आखून माप घेतलं." मग ती हसली. "बाबांचं असंच असतं. नेहमी मोठेच बूट आणतात."

"बघ, बघ! आणि तू म्हणतेस काम नाही," कॉलीन लेटाला म्हणाली.

"आणि आम्हाला तो कागद नकोय," टेस पुढं म्हणाली. "मला शाळेचं जेवण आवडतच नाही. दुपारी मला भूकच लागत नाही. आई उगाच काळजी करते. हो ना आई?"

लेटा पोरीकडे बघतच राहिली. ते हसू तिचं होतं. मान किंचित वाकडी करून, बोलणं संपता संपता सोडलेलं, हुबेहूब तिचंच. पेन्सिलीनं पाय आखल्याचा तपशीलसुद्धा तिच्याच पद्धतीचा. संत्र्यांच्या पेट्या असतात ना, तसा. कुणी न शिकवता पोरगी आपल्याकडे बघून शिकली, आणि आता उपाशी पोटी उभी राहून आईची अब्रू सांभाळतेय. कॉलीननं तर फॉर्मची घडी घालायला घेतलीसुद्धा. "चल तर मग. ड्वेन आला की बघू." दार उघडं होतं. लेटानं फक्त "हो" म्हणायचं, घडी पिशवीत टाकायची आणि पोरीचा हात धरून घरी जायचं. गावाला काही कळणार नव्हतं. पोरगी उद्याही लायब्ररीत बसली असती.

"तो येणार नाहीये," लेटा म्हणाली.

"काय?"

"ड्वेन. थँक्सगिव्हिंगला नाही, कधीच नाही. तो आमच्यात राहत नाही. फेब्रुवारीपासून." लेटाला आपला आवाज परका वाटला. "दुसरा संसारच आहे, कॉलीन. तू म्हणालीस तोच. मला टाकून गेलाय तो. त्याचं नाव मी खोटंच लिहिलंय, खोड ते."

कॉलीनच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिच्या मनात आत्ता काय चाललंय हे लेटाला पाठ होतं. जोनीच्या वेळी तिच्याही मनात तेच चाललं होतं. बाहेर बसचा भोंगा वाजला, पोरांचा गलका झाला. मग कॉलीननं घडी उलगडली, पेन घेतलं आणि पट्टी लावून ते नाव सरळ रेषेत खोडलं.

"मघाचं ते... मी आपलं असंच बोलले गं," ती खाली बघत म्हणाली.

"माहीत आहे मला."

"किती जणं घरात, मग?"

"दोघी."

टेसच्या हातातली टोपी खाली पडली. लेटानं वळून पाहिलं, तर पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता. आता ही गळ्यात पडेल, असं लेटाला वाटलं. टेस मागं सरकली.

"तूच म्हणालीस ना, कुणालाच सांगायचं नाही!" ती किंचाळली. "मर्नानं मला विचारलं होतं. शाळा सुरू झाली तेव्हाच. फॉर्म देऊ का म्हणाली, आईला दे म्हणाली. मी नको म्हटलं. म्हटलं बाबा पैसे पाठवतात. विचारेल तेव्हा नको म्हटलं मी!" तिला हुंदका आवरेना. "मग मी उगाचच उपाशी राहिले?"

कॉलीन पेन हातात धरून तशीच बसली होती. लेटा फरशीवर गुडघे टेकून पोरीसमोर बसली. तिला हात लावायची आपली लायकी आहे की नाही, हेही तिला कळत नव्हतं. सबबी बऱ्याच सुचल्या. पण पोरगी तिचा चेहरा वाचत उभी होती.

"हो गं," लेटा म्हणाली. "उगाचच."