एकोणीस वर्षं न हललेला पंप

मी एक जुना पंप आहे. जुना असलो तरी वापरलेला नव्हतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मित्रांनो, समुद्रात अडकलेल्यांना सोडवून आणणारं आमचं खातं आहे. त्याच्या तीन नंबरच्या बोटीचं इंजिन गार राहावं म्हणून समुद्राचं पाणी ओढायचं, हे माझ्या भावाचं काम. आम्ही एकाच साच्यातले. तो बोटीवर बसला, मी भांडारातल्या फळीवर. तो बिघडला तर मी जायचं. एकोणीस वर्षं तो बिघडला नाही. मोठा भाऊ गुणी निघाला की धाकट्याचं हे असं होतं.

भांडार सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. दर एक तारखेला त्या मला खाली उतरवत, तेलाचे दोन थेंब सोडत आणि माझा दांडा हाताने फिरवून परत ठेवत. याची नोंद त्यांनी कधी केली नाही. घरच्या माणसाला वाढल्याची नोंद कोण ठेवतं?

मग खात्याने पुढच्या वीस वर्षांच्या पुरवठ्याची योजना आखायला घेतली. आखणारा इंजिनिअर मावशींचा सख्खा भाचा, त्यामुळे चहाही त्यांनाच करावा लागला. नियम सोपा होता: पाच वर्षांत जी वस्तू भांडाराबाहेर गेली नाही, ती भंगारात. माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटली. ट्रक शुक्रवारी चारला यायचा होता.

मावशी अडून बसल्या. लागलाच तर नवा पंप कारखान्यातून अकरा आठवड्यांत येईल, असं भाच्याने समजावलं.

"आणि तोवर बोटीने काय करायचं?"

"मावशी, एकोणीस वर्षांत एकदाही लागला नाही तो."

"भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडंही लागलेलं नाही. तेही दे की ट्रकमध्ये."

भाच्याने यादी पाहिली. नळकांडं यादीत होतंच.

शुक्रवारी अडीच वाजता तीन नंबरची बोट सरावावरून रखडत परत आली. इंजिन तापलेलं, भाऊ आतून फुटलेला. त्याच वेळी निरोप आला की एका मासेमारी बोटीत पाणी शिरतंय, वर सात माणसं आहेत आणि वारा वाढतोय. एक नंबरची बोट दुरुस्तीला होती. दोन नंबरच्या बोटीला पोहोचायला चार तास लागणार होते.

मावशी फाटकाकडे धावल्या. नेमका त्या दिवशी ट्रक लवकर आला होता आणि मी गंजक्या साखळ्यांखाली दबून पडलो होतो. कागदावर एकेचाळीस नग आहेत, चाळीस घेऊन जाणार नाही, असं ड्रायव्हर सांगू लागला. सगळे भाच्याकडे पाहू लागले. त्याने पेन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खाडाखोड केली.

बोटीवरच्या मेकॅनिकने मला चाळीस मिनिटांत बसवलं. इंजिन सुरू झालं. बोटीच्या बाजूच्या भोकातून पाणी बाहेर पडायला हवं होतं. पडेना. माझ्या पोटातलं पाणी ओढणारं रबरी चक्र एकोणीस वर्षांचं, कोरडं ठाक. मेकॅनिकचा हात इंजिन बंद करायच्या बटणाकडे गेला.

"थांब जरा," मावशी म्हणाल्या. "तो फिरतो. मला माहीत आहे."

मी गुळणी टाकली. आधी तपकिरी, मग स्वच्छ धार. बोट सुटली.

अंधार पडायच्या आत सातही जण किनाऱ्याला लागले. त्यातल्या एकाने चप्पल वाहून गेल्याची तक्रारही केली.

भाच्याने योजनेत 'वाट पाहणाऱ्या वस्तू' असा नवा रकाना घातला. योजना मंजूर करणाऱ्या समितीने त्याचं कौतुक केलं आणि रकाना काढून टाकला. एकोणीस वर्षांत मागणी एक, म्हणून पुढे साठा शून्य, असं ठरलं.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही अशा योजना आखाल. एखादी वस्तू नुसती बसून आहे असं दिसलं, तर फेकण्याआधी ती कोणासाठी बसली आहे, एवढं विचारा. आणि माझ्या मागे कुणाला तरी फळीवर ठेवा. ही घाई अशासाठी, की कालपासून माझ्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळतं आहे.