साडेचार बोटं

पेडगावात टाइल बसवायची म्हटलं की भागवत मिस्त्री, आणि भागवत मिस्त्री म्हटलं की आधी शिव्या! हाताखालच्यानं रंगावर टाइल लावली, शिव्या. छिन्नीनं भिंत टाचून खडबडीत केली नाही, शिव्या. आणि टाइलच्या पाठीला मसाला सगळीकडं न फासता कोपऱ्यांत नुसते गोळे थापले, तर गडी हातातली थापीच फेकायचा. "आत हवा भरायला टाइल हाय का फुगा?" म्हणून अंगावर जायचा.

असल्या माणसानं स्वतःच्या घरात काय करून ठेवलं, ते ऐका.

सून शिवकन्या ओट्यामागच्या भिंतीला टाइल लावा म्हणून सहा महिने मागं लागलेली. फोडणीनं भिंत काळी झालेली, तिचं तरी काय चुकलं? पण त्या भिंतीवर कुंकवाचा एक हात होता. परसाल महालक्ष्म्या घरात आणताना भागवतच्या बायकोनं, मनकर्णानं, दारापासून जागोजागी ठसे उमटवले, शेवटचा इथं. तिचं एक बोट लहानपणी कडबा तोडताना अर्धं गेलेलं, म्हणून ठशात बोटं साडेचार. दिवाळीला ती गेली. बाकीचे ठसे हळूहळू पुसले, हा राहिला.

भागवतला हे कुणापाशी बोलवेना. पासष्टीचा माणूस भिंतीवरच्या हातासाठी अडून बसला म्हटल्यावर गाव काय हसलं असतं! त्यानं तोंडाला कुलूप लावलं. तिथंच घात झाला.

एके दिवशी पोरगा हरिओम आणि सून परभणीला बाजाराला गेले, तसा तो कामाला लागला. टाइल पाण्यात भिजवल्या, भिंत खरवडली, टाचली, ओळंबा धरला. फक्त त्या हाताला छिन्नी लावली नाही. तिथल्या टाइलच्या चार कोपऱ्यांत चार गोळे थापले, असे की मधल्या ठशाला मसाला शिवूसुद्धा नये. आयुष्यभर ज्याच्यासाठी पोरांना झोडपलं, तेच! लाज वाटली त्याला, पण हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सांधे भरले, वाळल्यावर त्यांवर पाणी न शिरण्याचं औषध ब्रशनं फिरवलं, ओट्याच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढली. भिंत कशी आरशावानी!

घरात कुणी नसलं की तो त्या टाइलवर तळवा टेकवून उभा राहायचा. जीव जरा निवायचा.

चार महिन्यांनी तो चुडाव्याला बहिणीकडं आठ दिवस गेला. मागं कुकरचा धक्का लागून त्या टाइलचा सांधा फुटला. शिवकन्यानं ठोकून बघितलं, तर पोकळ. हरिओम म्हणाला, "दादांचा हात चळायलाय आता. त्यांना कळू देऊ नको, जिवाला लावून घेतील." आणि त्यानं महारुद्रला बोलावलं. भागवतच्याच हाताखाली तयार झालेला मिस्त्री. तो काम करून गेला, तेव्हा नवरा-बायको दोघंही रानात होते.

भागवत परतला त्या संध्याकाळी महारुद्र नेमका भेटायला आला. हरिओम डोळे वटारतोय, पण ऐकतो कोण!

"उस्ताद, ती टाइल कुण्या गाढवानं लावली होती वो? नुसते गोळे!"

"भिंतीचं काय केलंस?" भागवतनं विचारलं.

"तुमी शिकवलं तसंच. रंगाचा कण ठेवला न्हाई. मदी कुंकू का काय होतं, लय चिवट. टाचून टाचून काढलं."

"मलबा?"

"दारापुढल्या खड्ड्यात टाकला. तिथं ट्रॅक्टर फसायलाय म्हणं."

भागवत दारात गेला. आठवडाभर चाकं फिरून खड्डा सपाट झाला होता. कुंकू कुठलं आणि माती कुठली!

"बरं केलंस," तो महारुद्रला म्हणाला. शिवी द्यायची तरी कशावरून? काम चोख होतं. तो उंबऱ्यावर बसला आणि त्याला हुंदका फुटला. बायको गेली तेव्हाही असा रडला नव्हता.

शिवकन्या पाणी घेऊन आली होती. तिला सगळं कळलं. तांब्या तिच्या हातातच राहिला.

"मामा, आत्याबाईंचा हात तुमी टाचून काढला म्हणून मी चार महिने तुमच्यावर रुसले," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तेवढा हात सोडून टाइल लावाल. एकदा बोलला असता, तर त्या भिंतीला मी टाइलच लावू दिली नसती."